देश श्रीमंत होतो तेव्हा कुपोषण कुठे जातं?

रानजाई | रविवार, रात्री ९.४०

मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्याबाहेर, जिथे एमआयडीसी संपते आणि शेतं सुरू होतात, तिथे माझं छोटं क्लिनिक आहे. मागच्या महिन्यात एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तक्रार नेहमीचीच, पोरगी जेवत नाही. मुलगी चुणचुणीत होती, सारखी बडबड चाललेली, हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. भिंतीला उभी करून उंची घेतली तर ९२ सेंटिमीटर भरली. या वयाच्या मुलीची उंची साधारण १०२-१०३ असते. ९४ च्या खाली गेली की वाढ खुंटली असं आम्ही धरतो. मग आईलाही काट्यावर उभं केलं. वजन ७१ किलो, उंची १४८ सेंटिमीटर. रक्ताचा रिपोर्ट सोबत होता, हिमोग्लोबिन ९. एकाच कढईतलं जेवणाऱ्या दोघी. लेकीची उंची खुंटलेली, आईचं वजन वाढलेलं आणि त्याच आईच्या अंगात रक्त कमी.

घरात पैशाची चणचण नाही. नवरा कंपनीत कायम झालाय, दारात मोटारसायकल, स्वयंपाकघरात फ्रिज. मी विचारलं, तुम्ही लहान असताना घरी काय खायचात? ती म्हणाली, "आई-बाप ऊसतोडीला जायचे. माझ्या वेळेला आई सातव्या महिन्यापर्यंत कोयता चालवत होती."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बरगड्या दिसणारं मूल येतं. अशी मुलं आजही आहेत. २०२२ च्या अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालची जवळपास १४ कोटी ८० लाख मुलं खुंटलेली आणि साडेचार कोटी मुलं उंचीच्या मानाने फार लुकडी होती. पण त्याच वर्षी जगातल्या लठ्ठ माणसांची संख्या १०० कोटींच्या वर गेली, त्यात सुमारे १६ कोटी ५ ते १९ वयाची मुलं. आणि २०२५ मध्ये युनिसेफने सांगितलं की शाळकरी वयाच्या मुलांत लठ्ठपणा (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या (९.२ टक्के) पुढे गेला. सन २००० मध्ये हेच आकडे ३ आणि जवळपास १३ होते. आफ्रिकेचा सहारापलीकडचा भाग आणि आपला दक्षिण आशिया एवढे दोनच प्रदेश अजून याला अपवाद आहेत.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे बॅरी पॉपकिन यांनी १९९० च्या दशकात या बदलाला 'पोषण संक्रमण' असं नाव दिलं. हातात पैसा आला की माणूस पहिल्यांदा धान्य बदलतो, ज्वारी-बाजरी-मक्यावरून पांढऱ्या भातावर आणि मैद्यावर येतो. मग तेल. पूर्वी तेलातुपाचं खाणं श्रीमंतांच्या घरचं होतं. पाम आणि सोयाबीनचं तेल स्वस्त झालं तसं ते गरिबाच्या कढईतही आलं. मग साखर, मग पुड्यातलं खाणं. त्याच सुमाराला पाणी नळाला येतं, दळण गिरणीत जातं, शेतावर पायी जाणारा माणूस गाडीवर बसतो. खाणं वाढतं आणि खर्च होणारी ताकद कमी होते.

माझं म्हणणं असं आहे की पैशाने पोट एका वर्षात भरतं, पण उंची वाढायला दोन पिढ्या जातात. त्या मधल्या काळात घरी आधी कोण पोचतं, डाळ-दूध-अंडं की पाच रुपयांचा पुडा, यावर त्या देशाचं पुढचं आरोग्य ठरतं. बाहेरच्या देशांत राहणाऱ्यांनी तिकडे काय पाहिलं ते जरूर लिहा.

तिफण | रविवार, रात्री १०.१५

ताई, वाचून सुन्न झालो. आमच्या गावात (जालना जिल्हा) हेच चाललंय. माझ्या आजोबांच्या ताटात ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, कधीमधी वरण. दूध घरचं. आता दूध सगळं डेअरीला जातं आणि त्याच पैशातून नातवाला पुडा येतो. सकाळी साडेसहाला डेअरीसमोर रांग असते, आणि शेजारच्या टपरीवर पोरांची. मी स्वतः दोन म्हशी पाळतो आणि माझ्या घरात चहापुरतंच दूध राहतं, हे लिहिताना लाज वाटते.

ग्वादालाहाराहून | सोमवार, पहाटे ५.०५

मी सहा वर्षं मेक्सिकोत आहे, आयटीत. रानजाईंनी लिहिलेलं इथे दोन पावलं पुढे जाऊन बसलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

इथल्या जेवणाचा पाया आपल्यासारखाच साधा आणि चांगला होता. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून केलेली तोर्तिया म्हणजे इथली भाकरी. त्या चुन्यामुळे कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला लागू पडतं. सोबत राजम्यासारखे घेवडे, भोपळा, मिरची. शेतातही मका, घेवडा आणि भोपळा एकत्रच पेरतात. १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार झाला. त्यानंतर अमेरिकेचा स्वस्त मका आणि पुड्यातलं खाणं जोरात आत आलं, छोट्या शेतकऱ्याचा मका परवडेना, माणसं शहरात आली.

आता आकडे पाहा. पाच वर्षांखालच्या खुंटलेल्या मुलांचं प्रमाण १९८८ मध्ये जवळपास २७ टक्के होतं, ते २०१२ पर्यंत साडेतेराच्या आसपास आलं. म्हणजे निम्मं झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण आज इथल्या प्रौढांपैकी चारातले जवळपास तिघे जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. माझ्या ऑफिसात चाळिशीच्या आतल्या तिघांना मधुमेह आहे.

सरकार हात बांधून बसलं असं मात्र नाही. २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लागला आणि पहिल्या वर्षी त्यांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. ऑक्टोबर २०२० पासून पुड्यांवर काळे अष्टकोनी शिक्के आले: साखर जास्त, मीठ जास्त, कॅलरी जास्त. माझी मुलगी तिसरीत आहे. दुकानात ती शिक्के मोजते, "बाबा, याला तीन आहेत." शिक्का असलेल्या खोक्यावर कार्टूनचं चित्र छापायलाही बंदी आहे, त्यामुळे तिच्या आवडीचा वाघ सीरियलच्या खोक्यावरून गेला. आणि मार्च २०२५ पासून शाळेच्या आवारात असलं खाणं विकायला मनाई आहे. फाटकाबाहेर गाडा उभा असतोच, पण आत चिरलेला आंबा, काकडी आणि हिकामा (कंद असतो, रताळ्यासारखा दिसतो, कच्चा खातात) वर लिंबू-मिरची घालून मिळतो.

हे सगळं लठ्ठपणा घरोघरी पोचल्यावर झालं. वीस वर्षं आधी झालं असतं तर काय फरक पडला असता, असं मनात येत राहतं.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ८.३०

धागा चांगला आहे, पण एका गोष्टीवर थांबायला हवं. इथे सूर असा लागतोय की जणू श्रीमंतीनेच वाटोळं केलं. आधी हे मान्य करू की पैसा आल्याशिवाय भूक गेली, असं उदाहरण शोधून सापडत नाही. दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली जन्मलेल्या बायकांच्या सरासरी उंचीत २० सेंटिमीटरचा फरक आहे. शंभर वर्षांत जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशातल्या बायकांची उंची इतकी वाढली नाही. हे भरल्या ताटाचं काम आहे.

२०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मेरी रुएल आणि हॅरोल्ड ऑल्डरमन यांनी अनेक देशांची आकडेवारी एकत्र मांडली. दरडोई उत्पन्न १० टक्क्यांनी वाढलं की खुंटलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी घटतं आणि बायकांमधलं जास्त वजन सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी. मला हे वाक्य या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट राहील. पुढच्याच वर्षी सेबास्टियन वोल्मर, एस. व्ही. सुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी ३६ देशांतली १२१ सर्वेक्षणं तपासली, तर आर्थिक वाढ आणि मुलांचं कुपोषण घटणं यांत जवळपास काहीच नातं दिसलं नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी कसे खरे? माझ्या समजुतीप्रमाणे पैसा कुणाकडे गेला आणि सरकारने त्याचं काय केलं, यावर सगळं अवलंबून आहे. ग्वाटेमाला मध्यम उत्पन्नाचा देश आहे, आपल्यापेक्षा दरडोई कितीतरी श्रीमंत. तिथे २०१४-१५ च्या सर्वेक्षणात ४६.५ टक्के मुलं खुंटलेली निघाली, माया आदिवासींमध्ये त्याहून जास्त. याउलट बांगलादेश आपल्याहून श्रीमंत नाही, तरी तिथलं प्रमाण २००४ च्या ५१ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २४ वर आलं. मुली शाळेत गेल्या, लग्नं आणि बाळंतपणं थोडी लांबली, गावोगाव संडास झाले, आरोग्यसेविका दारापर्यंत पोचली.

आपल्याकडे २००५-०६ मध्ये खुंटलेली मुलं ४८ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३८.४, २०१९-२१ मध्ये ३५.५. याच काळात जास्त वजनाच्या बायका साडेबारा टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेल्या. म्हणजे आपण रांगेत आहोतच, फक्त थोडे मागे.

सांजवेळ | सोमवार, सकाळी ९.१०

आकडेमोड, माझा एक भाबडा प्रश्न. संडास झाले की मुलं उंच होतात, असं मी खूप वाचलं होतं. ते खरं आहे का?

आकडेमोड | सोमवार, सकाळी ९.५५

भाबडा नाही, यावर बरीच वर्षं वाद चाललाय. उघड्यावरच्या घाणीमुळे मुलाच्या आतड्याला सतत बारीक सूज राहते, खाल्लेलं अंगी लागत नाही, अशी मांडणी होती आणि आकडेही तसे दिसत होते. मग बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत मोठे प्रयोग झाले. २०१८-१९ च्या सुमाराला निकाल आले की घरापुरता संडास, साबण आणि शुद्ध पाणी दिल्याने मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिला तिथे थोडी वाढली. संडास नको असा याचा अर्थ कुणी काढू नये. अर्थ इतकाच की एका घराने स्वच्छता पाळून भागत नाही, अख्खी वस्ती स्वच्छ लागते, आणि ताटात अन्न लागतंच.

जगायला_गेलेली_वस्ती | सोमवार, दुपारी २.२०

मी अंगणवाडी सेविका आहे, पालघर जिल्हा, डोंगराकडचा भाग. मोबाइलवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

तुमचे आकडे मोठे आहेत, मला माझ्या पाड्यावरचे माहीत आहेत. दिवाळी झाली की आमची निम्मी वस्ती जगायला जाते. आम्ही त्याला जगायला जाणंच म्हणतो. वीटभट्टीवर, रेती काढायला, भिवंडी-कल्याणकडे. लहान पोरं बरोबर जातात. दंडाचा घेर मोजायची आमची रंगीत पट्टी असते, हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे फार लुकडं. जाताना हिरव्यातलं पोर होळीला परत येतं तेव्हा पट्टी लालवर जाते, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. मग ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायचं, दिवसातून पुन्हा पुन्हा थोडं थोडं खाऊ घालायचं, वजन वर आणायचं. पावसाळ्यात लावणीला आया शेतात, पोर पुन्हा घसरतं. एकाच मुलाला मी तीन वर्षांत चार वेळा वर आणलंय.

पण ताई म्हणतात ते पण दिसायला लागलंय. भट्टीवर पैसे मिळतात, आठवड्याचा बाजार होतो. परत येताना पिशवीत पिवळे कुरकुरीत पुडे असतात, माळ करून दारात टांगतात. नागली (तुमची नाचणी) घरात असते, पण पोराला पुडा दिला की ते रडायचं थांबतं आणि बाईला कामाला लागता येतं. मी त्या बाईला काय बोलणार? तिला सकाळपासून रात्रीपर्यंत बसायला मिळत नाही. आमच्याकडे अमृत आहार योजनेत अंडी मिळतात. अंडं पोरं हावरटासारखी खातात, कुणाला सांगावं लागत नाही. अंडं आलं की हजेरी भरते, नाही आलं की पोरं दारात बघून परत जातात.

अजून एक. पोर लुकडं असलं तर सगळ्यांना दिसतं, आई पण काळजी करते. पोर बुटकं असलं तर कुणाला दिसत नाही, कारण पाड्यावर सगळीच तेवढी. आई म्हणते आमच्यात असेच असतात. मी फळीवर झोपवून मोजते तेव्हाच कळतं.

रानजाई | सोमवार, दुपारी ३.४५

ताई, तुमची शेवटची ओळ मी माझ्या वहीत लिहून घेतली.

पेरूमध्ये नेमकं हेच झालं होतं. तिथल्या डोंगराळ भागातल्या आयांना वाटायचं की आपली माणसं बुटकीच असतात. २००६ च्या निवडणुकीत स्वयंसेवी संस्थांनी सगळ्या उमेदवारांकडून लेखी वचन घेतलं: पाच वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा पाच वर्षांत पाच टक्क्यांनी कमी करू. मग दवाखान्यात उंची मोजायला नीट शिकवलं, तक्ता आईला समजावून सांगितला. ज्या घरांना रोख मदत मिळायची त्यांना मुलाला तपासणीला आणण्याची अट घातली. २००८ ला २८ टक्के असलेलं प्रमाण २०१६ ला १३ वर आलं. आठ वर्षांत! पण त्याच पेरूत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांमधला रक्तक्षय तेव्हाही ४३ टक्क्यांच्या आसपासच अडकून होता. उंचीचं काम झालं, लोहाचं राहिलं. आपल्याकडे तर तो वाढलाय. २०१५-१६ ला पाच वर्षांखालच्या ५८.६ टक्के मुलांत रक्त कमी होतं, २०१९-२१ ला ६७.१ टक्क्यांत.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ८.२०

रानजाईंच्या त्या बाईची आई ऊसतोडीला जायची, हा तपशील कुणी नजरेआड करू नये. त्याचं शास्त्र आपल्या पुण्यातच लिहिलं गेलंय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. इथवर आश्चर्य काही नाही. पण मोजमाप नीट घेतल्यावर दिसलं की आपल्या बाळात स्नायू कमी, पोटातल्या अवयवांचा घेर कमी, आणि पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास गोऱ्या बाळाइतकीच. बारीक पण चरबीदार बाळ. गर्भाने कमी अन्नात मेंदू वाचवला, चरबी राखली आणि स्नायूंवर काटकसर केली.

पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी इंग्लंडमधले आपले सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो लॅन्सेटमध्ये छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) तंतोतंत एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना मी हे सांगतो, कारण 'मी तर जाड नाही, मला साखर कशी' हा प्रश्न रोज ऐकतो.

आता असं बाळ मोठं होतं तेव्हा बापाला कंपनीत नोकरी लागलेली असते. गर्भात टंचाई, तरुणपणी सुबत्ता. ज्या शरीराने टंचाईची तयारी केली होती त्याला सुबत्ता झेपत नाही. जिथे श्रीमंती एका पिढीत आली तिथे मधुमेहाचा तडाखा जबर बसतो, त्याचं मोठं कारण हे आहे. पॅसिफिक महासागरातलं नाऊरू नावाचं २१ चौरस किलोमीटरचं बेट १९६८ मध्ये स्वतंत्र झालं. फॉस्फेटच्या खाणींवर ते इतकं श्रीमंत झालं की मासेमारी आणि बागायती सोडून लोक आयात डब्यांवर जगू लागले. १९७० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा मधुमेहाचं प्रमाण पाहून डॉक्टर हादरले होते.

मांडवीकाठ | सोमवार, रात्री ९.३०

गोव्याहून. डॉक्टर म्हणतात तो तडाखा आम्ही अनुभवतोय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. दरडोई उत्पन्नातही आम्ही अगदी वरच्या रांगेत. आणि तरी खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या सर्वेक्षणांच्या मधल्या काळात २० टक्क्यांवरून २६ च्या जवळ गेलं. माझी आजी उकड्या तांदळाची पेज आणि खारवलेलं सुकं मासं खाऊन नव्वद वर्षं जगली. आज पेज आजाऱ्यालाच देतात.

रानजाई | सोमवार, रात्री ११.००

महाराष्ट्राचंही असंच झालंय, आणि ते मला जास्त लागतं, कारण आपल्याला वाट सापडली होती. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, गरोदरपण आणि पहिली दोन वर्षं यांवर भर दिला गेला. दोन वर्षांखालच्या खुंटलेल्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या सर्वेक्षणात २३-२४ पर्यंत उतरलं. बाहेरचे अभ्यासक ते पाहायला आले होते. नंतर पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा २०१५-१६ ला ३४.४ आणि २०१९-२१ ला ३५.२, म्हणजे जागच्या जागी. लुकडी मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के. या काळात राज्य गरीब तर नक्कीच झालं नाही.

आता दोन देशांबद्दल लिहिते, कारण 'हे अटळ आहे का' या माझ्याच प्रश्नाचं उत्तर तिथे थोडंफार सापडतं.

चिली. १९६० च्या आसपास तिथे हजारातली शंभराहून जास्त बाळं वर्षाच्या आत दगावत. फर्नांडो मॉन्केबर्ग या बालरोगतज्ज्ञाने झोपडपट्ट्यांत काम उभं केलं, सरकारने दवाखान्यात येणाऱ्या आयांना दूध पावडर दिली, पाणी आणि गटारं घातली, कुपोषित मुलांसाठी वेगळी केंद्रं काढली. सरकारं बदलली, उजवी-डावी सगळी आली, दूध बंद झालं नाही. आज खुंटलेली मुलं तिथे अगदी तुरळक. पण लुकड्या मुलांसाठी आखलेला आहार, मुलं लुकडी राहिली नाहीत तरी तसाच चालू राहिला. रिकार्डो उआउय आणि जुलियाना काइन यांनी २००२ मध्येच लिहिलं होतं की पोषण योजनांतच लठ्ठपणा रोखण्याचा विचार घालायला हवा. लक्ष गेलं तोवर चिलीतली मुलं लॅटिन अमेरिकेत सगळ्यात लठ्ठ मुलांत गणली जाऊ लागली. काळ्या अष्टकोनी शिक्क्यांची कल्पना मूळ तिथलीच, २०१६ पासून.

ब्राझील. १९७४-७५ ला ३७ टक्के मुलं खुंटलेली, २००६-०७ ला ७ टक्के. साओ पाउलोचे कार्लोस मोंतेइरो यांनी कारणं शोधली तर आईचं शिक्षण आणि गरीब घरांची वाढलेली खरेदीची ताकद सगळ्यात वर निघाली, मग दवाखाने आणि सांडपाणी. त्याच मोंतेइरोंना पुढे एक कोडं पडलं. लोक साखर आणि तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेतात, मग वजन का वाढतंय? उत्तर मिळालं की साखर-तेल आता कारखान्यातून पुड्यात भरून येतंय. त्यावरून २००९ मध्ये त्यांनी कारखान्यातल्या प्रक्रियेनुसार अन्नाची वर्गवारी केली. त्याच वर्षी ब्राझीलने कायदा केला की शाळेच्या जेवणाच्या केंद्रीय पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकऱ्यांच्या मालावर खर्च व्हावेत. मुलाच्या ताटात घेवडे-भात आणि शेतकऱ्याच्या घरात पैसा, एकाच वेळी. ब्राझीललाही लठ्ठपणा चुकला नाही, पण शाळेचं ताट त्यांनी सोडलं नाही.

सुमिदाकाठची | मंगळवार, सकाळी ७.१५

तोक्योहून. जपान श्रीमंत होऊनही जाड झाला नाही, तीस बीएमआयच्या वरचे, म्हणजे लठ्ठ, प्रौढ इथे शंभरात चार-पाच. माझा मुलगा दुसरीत आहे. दुपारी साडेबाराला वर्गातलीच मुलं पांढरे डगले आणि टोप्या घालून जेवण वाढतात. काल भात, माशाचा तुकडा, मुळा-गाजराची भाजी, मिसो सूप आणि दूध. मास्तरही तेच जेवतात. डबा न्यायचा नाही, शाळेत दुकान नाही. महिन्याचा तक्ता घरी येतो, त्यात कुठल्या पदार्थातून काय मिळतं ते लिहिलेलं. शाळेच्या जेवणाचा कायदा १९५४ चा, देश युद्धातून नुकता सावरत होता तेव्हाचा. सुरुवातीला पाव आणि अमेरिकेची दूध पावडर होती, भात १९७६ पासून रीतसर आला. म्हणजे त्यांनी श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही.

पण इथेही एक कोपरा दुखरा आहे. विशीतल्या मुलींमध्ये पाचातली एक गरजेपेक्षा बारीक, बारीक दिसण्याच्या हव्यासापायी. जन्मणाऱ्या शंभरातली नऊ-एक बाळं अडीच किलोच्या आत. डॉक्टरांनी वर लिहिलेलं वाचून मला त्या बाळांचीच काळजी वाटली.

तिफण | मंगळवार, सकाळी ८.०५

सगळे प्रतिसाद रात्री बायकोला वाचून दाखवले. आजपासून एका म्हशीचं सकाळचं दूध घरात. शाळेसमोरच्या टपरीबद्दल ग्रामसभेत बोलणार आहे, पण टपरी माझ्या चुलतभावाची आहे. त्याचं पोट त्यावर आहे. त्याने उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवावी असं सुचवून बघतो.

सांजवेळ | मंगळवार, सकाळी १०.३०

सेविका ताई, माझी मुलगी पुढच्या आठवड्यात दोन वर्षांची होईल. तिची उंची घरी मोजली तर दर वेळी वेगळी येते. झोपवून मोजायची की उभी करून? आणि चुकतं कुठे?

जगायला_गेलेली_वस्ती | मंगळवार, दुपारी १.५०

दोन वर्षांच्या आत झोपवून, त्याच्या वर उभं करून. झोपवून घेतलं तर पाऊण सेंटिमीटर जास्त भरतं, म्हणून एकदा असं, एकदा तसं करू नका. केसातली क्लिप आणि रबर काढा. बूट-मोजे काढा. टाचा, ढुंगण, खांदे आणि डोकं भिंतीला लागलं पाहिजे, नजर सरळ समोर. पोर टाचा उचलतंच, एकीने गुडघे धरायचे आणि दुसरीने वाचायचं. एकटीने कधीच बरोबर येत नाही. डोक्यावर फूटपट्टी नको, जाड पुस्तक आडवं ठेवा, भिंतीला काटकोनात. दोनदा मोजा, दोन्हीत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. आकडा आणि तारीख कार्डावर लगेच लिहा, मागाहून आठवत नाही. आणि सकाळी मोजा, पोर झोपेतून उठून खाऊन खुशीत असतं तेव्हा. भुकेलं पोर सरळ उभं राहत नाही.

उद्या माझी अठ्ठावीस मोजायची आहेत. सहा अजून भट्टीवर आहेत, त्यांच्या आयांना फोन लावतेय.